आज दांडा बंद आहे

आस्टोरियात नदी समुद्राला सरळ भेटत नाही.
मध्ये वाळूचा दांडा आहे, पाण्याखाली,
रोज कूस बदलणारा.
परक्या जहाजाला एकट्यानं आत येता येत नाही;
इथला वाटाड्या दोरीच्या शिडीनं वर चढतो,
मगच ते पुढे सरकतं.
एकोणीस वर्षं मी त्या वाटाड्यांच्या पाळ्या लावते, रेडिओवर.
आयली टुओमिनेन, वय त्रेपन्न.
आणि चार वर्षं झाली,
सकाळी मोजे हातात घेऊन पलंगाच्या कडेवर बसते
ती दुपारीच उठते.

गोळ्या झाल्या, बदलल्या, पुन्हा झाल्या.
भाऊ म्हणाला, केटामाइनचं विचार की कुणाला.
भरती-ओहोटीच्या तक्त्यामागे प्रश्न लिहिले
आणि निघाले.

पोर्टलंडला पांढरे कोच, निवडुंग,
काउंटरवरची मुलगी इतकी गोड
की वाटलं, मी गादी विकत घ्यायला आलेय.
सहा घेतलीत तर सातवं फुकट.
रक्तदाब? तो आयत्या वेळी बघू.
डॉक्टर? असतात.
कुठे?
असतात.

मग पडद्यावर एक भेटला, साडेसहा मिनिटं.
त्यातली दोन त्याचा आवाज बंद होता.
औषध पोस्टानं येईल, जिभेखाली धरा,
घरी कुणी असलं तर बरं.
मांजर आहे, मी म्हटलं.
त्यानं कुठल्याशा चौकोनात खूण केली.

अनवाणी माणसाचं मी भावाला सांगितलं नाही.
तुपात भिजलेला आवाज. माझ्यावर सोडा, म्हणाला.
स्पर्श हाही उपचारच.
संमतीच्या कागदावर नुसती सही करा, बाकीचं मी भरतो.
मी त्याच्या हातांकडे पाहिलं. सुंदर होते हात.
गाडीत येऊन दारं आतून लावली
आणि बराच वेळ किल्ली फिरवलीच नाही.

लाँगव्ह्यूत टायरच्या दुकानावर एक जिना जातो.
ओदेत ब्रॅनिगन, भूलतज्ज्ञ, चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी.
माझ्याआधी तिनं माझ्या आईचं विचारलं:
कधी दिवसच्या दिवस झोपेविना, खुशीत, पैसे उधळत?
दारू किती? खरं किती?
लघवीला जळजळ?
आवाज ऐकू येतात का?
रेडिओ सोडून ना, म्हणत मी हसले.
ती हसली नाही. थांबली.

मग मी तक्ता उलटा केला.
ऑक्सिजन? तिनं कपाट उघडून दाखवलं.
खोलीत कोण? मी आणि रेनाटा, आरंभापासून शेवटापर्यंत.
पैसे? आकडा लिहून दिला. जड होता.
गुण नाही आला तर?
काहींना येत नाही, म्हणाली,
आला तरी टिकेलच असं नाही.
तेव्हा काय करायचं ते आत्ताच ठरवू.
आणि हात धरायची वेळ आली तर?
"ते आज विचारते. आज नाही म्हणालात, तर नाहीच.
औषधात असताना हो म्हणालात,
तर तो होकार मी धरणार नाही."

हे मी उतरवून घेतलं, घाईत, तक्त्याच्या पुढच्याच बाजूला.
मंगळवारची ओहोटी आता वाचता येत नाही.

मग तिनं दंडाला पट्टा बांधला. सोडला. पुन्हा बांधला.
एकशे एकाहत्तर.
आज नाही, म्हणाली.
आधी हे खाली आणा, तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते,
तीन आठवड्यांनी या,
घरी नेणारं माणूस सोबत घेऊन.

राग आला मला. एवढी वणवण करून
शेवटी दार सापडलं, तर तेही बंद.
खाली कुणीतरी चाक आवळत होतं,
प्रत्येक बोल्ट दोनदा.

रात्रपाळीला नैऋत्येचा वारा, लाटा सात मीटर.
बाहेर धान्याचं एक जहाज, कप्तान घायकुतीला आलेला.
दिवसाचं भाडं सांगतो, मालकाचं नाव सांगतो,
मग देवाचं.
मी बटण दाबलं.
शेकडो वेळा म्हटलंय हे, आवाज न चढवता,
आणि शिव्या खाल्ल्यात.
"आज दांडा बंद आहे. खोल पाण्यात थांबा.
उघडला की मीच बोलावते."

पलीकडे खरखर. मग नुसता समुद्र.

पहाटे भावाला फोन केला.
सतरा तारखेला, म्हटलं,
गाडी चालवशील का?